पडदा हलत नाही

तिकिटावर पाचची वेळ,
आम्ही चारलाच पार्क चौकात.
नायनांना सगळं लवकर लागतं.
गिरणीचा भोंगा बंद होऊन इतकी वर्षं झाली
तरी त्यांच्या पायांना तो ऐकू येतो.
कानांना नाही.
कान मागावर राहिले,
साखर पेठेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये,
आठ तास खटखट, वर चार तास ओव्हरटाइम,
पगाराच्या चिठ्ठीत न दाखवता कापून घेतलेले.

हातात तास होता म्हणून
किल्ल्याच्या कडेकडेनं चाललो.
बुरुजाला पाठ टेकली तर
शर्टाला इस्त्री होईल असं ऊन.
तळ्याचं पाणी खाली गेलेलं.
शेवटच्या पायरीवर एक पोरगा माशांना फुटाणे टाकत होता,
एक त्यांना, तीन स्वतःला.
नायना म्हणाले
(त्यांचा आवाज अजून मागाच्या वरचा,
चार माणसं वळून बघतात)
"इथंच तुझ्या आईला पहिल्यांदा भेळ दिली.
तिनं तेलुगूत विचारलं, तिखट आहे का.
मी मराठीत सांगितलं, नाही.
खोटं बोललो."

नाट्यगृहाच्या पायऱ्यांना फिनेलचा वास,
त्यावर मोगऱ्याचा.
दारावरच्या शिवलिंगप्पांनी तिकीट फाडलं,
"या की मालक, तुमची खुर्ची वाट बघायलीय."
दुसरी रांग, मधोमध.
पहिलीतून मान अवघडते,
तिसरीतून ओठ दिसत नाहीत.
नायना असंच नाटक बघतात:
ओठ, हात, उजेड.
घरी येऊन मला गोष्ट सांगतात
आणि ती त्या नाटकाची कधीच नसते.
एकदा एका खुनाच्या नाटकात
त्यांना दोन भावांची वाटणी दिसली.
धाकट्याला न्हाणीघर मिळालं, म्हणाले,
म्हणून तो एवढा रडला.
मी दुरुस्त केलं नाही.
त्यांचं नाटक जास्त बरं होतं.

तिसरी घंटा झालीच नाही.
पडद्याच्या फटीतून एक तरुण बाहेर आला,
शर्ट खोचत.
टेंभुर्णीपाशी गाडी बंद पडलीय,
सेट तिच्यातच, कपडे तिच्यातच.
आजचा प्रयोग रद्द. पैसे खिडकीवर.
लोक उठले. खुर्च्या फाटफाट मिटत गेल्या.
कुणाचं तरी बाळ आत्ताच झोपलं होतं.
नायना बसलेले,
हात गुडघ्यांवर, नजर समोर.
त्यांच्या खांद्याला हात लावायला गेले
आणि मागं घेतला.

सभागृह रिकामं झालं.
आम्ही दोघं आणि तांबडा पडदा.

"डावीकडं बघ," ते म्हणाले,
"खालून दोन हात वर.
बाणा तुटलाय.
विणणाऱ्यानं गाठ मारली नाही, तसंच पुढं रेटलं.
रात्रपाळीचं काम."
मला काहीच दिसेना.
मी मान हलवली.

मग माझ्याकडं न बघता,
"नाटक नाही ना आज?"
मी त्यांना दिसेल असा ओठ हलवत विचारलं,
कसं कळलं?
"आत माणसं असली की पडदा गप्प बसत नाही.
कुणाचा पाय लागतो, कुणाची कोपर.
खालची झालर जरा तरी थरथरते.
आज आल्यापासून मेल्यासारखा आहे."
मग बसलात कशाला?
"ए.सी. चालू आहे की अजून."

शिवलिंगप्पांनी मागून एकेक दिवा मालवत आणला.
आमच्या रांगेशी येऊन थांबले,
काही बोलले नाहीत,
आमच्या डोक्यावरचा तेवढा ठेवून
पुढच्या रांगांचे मालवायला गेले.

खिडकीवर पैसे परत मिळाले.
नायनांनी दोनदा मोजले.
अशोक चौकाच्या शेअर रिक्षात
पाच माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात
त्यांनी मला आजच्या नाटकाची गोष्ट सांगितली.
पहिला अंक जरा लांबला होता.
दुसऱ्यात एक बाई भेळ खाते
आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं.
रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, मग?
नायनांनी त्याचे ओठ आरशात वाचले.
"मग काय बे," म्हणाले,
"मी पाणी आणायला पळालो."